झऱ्याच्या माथ्यावरची कवळं

चैत्र अर्धा झाला की वाडीखालचा झरा आटायचा, आणि झरा आटला की आमचं घर बंद व्हायचं. आई दाराला कडी घालायची आणि कडीत कारवीची काडी खोचायची. कुलूप नव्हतं. आत चोरून न्यावं असंही काही नव्हतं. तळेघरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. तिथून तळेघरपर्यंत चालत, मग एस.टी. मिळाली तर तिने, नाही मिळाली तर तिथंच मुक्काम, आणि शेवटी जुन्नरच्या बागायतीत, खोडदला. कांदा काढायला.

आमच्याबरोबर चुलता-चुलती असायची. शेताच्या बांधाला दोन पालं शेजारी शेजारी. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती आणि खोडदच्या शिवारात त्या मोठाल्या अँटेना नुकत्या उभ्या राहत होत्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा आई खुरपं हातात धरून नुसती बघत राहिली.

"एवढ्या चाळण्या! काय चाळत्यात गं आभाळातनं?"

"चाळत न्हाईत, ऐकत्यात," वडील म्हणाले. "ताऱ्यांचा आवाज ऐकायची मशिनं हायेत."

"आसं व्हय? मंग त्यांना म्हनावं, आमच्या डोंगरावर पानी कवा टिकनार तेबी जरा ऐका."

चुलती हसून हसून कांद्याच्या वाफ्यात बसली. पुढे कितीतरी वर्षं कुणाला ऐकू आलं नाही की आमच्या घरात म्हणायचे, चाळणी लाव कानाला.

आई हसवायची, पण खोडदला जायला तिला आवडायचं नाही. मळ्याची मालकीण चांगली होती, दुपारी ताक द्यायची. तरी दुसऱ्याच्या बांधावर चूल मांडायची ती मांडायचीच. शिवाय आम्ही खाली असायचो तेव्हाच वर डोंगरात बाळहिरडा पडायचा. हिरडा हे आमच्याकडचं रोकड पीक, ना पेरायचं ना खुरपायचं. नुसता वेचून वाळवायचा. पण वेचायला माणूस वर पाहिजे, आणि माणूस वर राहायला पाणी पाहिजे. आमचा हिरडा झाडाखालीच कुजायचा. माझी वार्षिक परीक्षासुद्धा त्याच दिवसांत यायची. पाचवीपासून आश्रमशाळेत राहिले म्हणून माझं शिक्षण झालं. एरवी मीही कांदाच काढला असता, आणि चांगला काढला असता, हेही सांगून ठेवते.

मिरगाच्या आधी आम्ही परत वर यायचो, ते राब भाजायला. राब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं आणि नाचणीचं रोप ज्या जागेत टाकायचं, ती जागा आधी भाजून काढायची. खाली शेण, त्यावर पाल्याच्या फांद्या, त्यावर गवत, वरून माती, आणि मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने विस्तव. जमीन भाजली की तण मरतं, राखेचं खत होतं आणि रोप जोमात उठतं. या फांद्यांना आम्ही कवळं म्हणतो. ऐनाची, उक्षीची, किंजळाची कवळं माघात तोडायची आणि रचून ठेवायची. प्रत्येक घराची कवळं तोडायची जागा ठरलेली. कागदावर डोंगर सरकारचा, पण वाडीत कुणालाही विचारा, कुठला ऐन कुणाचा ते सांगतील. आमच्या आजोबांच्या वाट्याची जागा होती झऱ्याच्या बरोबर माथ्यावर. ती पुढे वडिलांकडे आणि चुलत्याकडे निम्मी निम्मी आली.

कवळं तोडताना वनखात्याचा गार्ड आला तर कोयता जमा व्हायचा. आईचा कोयता असा दोनदा गेला. दुसऱ्यांदा तिने गार्डाला सांगितलं होतं, "न्या सायेब, पर मूठ सैल झालीया, तेवढी ठोकून घ्या." त्याने कोयता नेला. मूठ ठोकली की नाही ते कळलं नाही.

भूगोल घेऊन मी बी.ए. झाले. वाडीतली पहिली. मुलांमध्येही पहिली, मुलींमध्येही पहिली. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण त्या पदवीत माझ्याइतकेच खोडदचे कांदे आहेत. पदवी घेऊन घरी आले. नोकरीचे अर्ज चालू होते आणि मी आईबरोबर शेणाने घर सारवत होते. त्याच सुमाराला वनखात्याने गावोगाव वन समित्या काढायला सुरुवात केली. गावाने जंगल राखायचं, त्या बदल्यात गावाला त्यातून काय काय घेता येईल ते आधी ठरवायचं, आणि दहा वर्षांचा आराखडा लिहायचा. फॉरेस्टर साहेब देवळासमोर सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "लिहिणारं कोण आहे?"

सगळी सभा माझ्याकडे वळली. आईने पदर सावरला, जणू तिलाच उभं राहायचं होतं.

मला वाटलं, हे तर आपलं काम. कॉलेजात जमीनवापराचे नकाशे काढलेले. मोठा कागद घेतला, डोंगर काढला, ओढा काढला आणि रंगाचे पेन घेऊन घरोघर गेले. कुणाला कुठून काय लागतं? कवळांना हिरवा, सरपणाला तपकिरी, चराईला पिवळा, हिरड्याला जांभळा, पाण्याला निळा. चार-पाच दिवसांत झऱ्याच्या माथ्यावर इतके रंग चढले की कागद ओला होऊन फाटला. कॉलेजात एका तुकड्याला एकच रंग असायचा. इथे एकाच ऐनाखाली बाई कवळं मागत होती, गडी गुरांना सावली मागत होता, झरा त्याच्याच मुळाशी होता, आणि फॉरेस्टर साहेबांना तोच ऐन उभा आणि भरगच्च हवा होता.

दुसरी सभा चांगली तापली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. सगळा उतार पाच वर्षं बंद. कुऱ्हाड बंद, चराई बंद.

"मंग गुरं काय डोईवर चारायची?" वडील म्हणाले.

"आन् राब?" चुलती मागून ओरडली. बायकांत ती सगळ्यात पुढे बोलणारी. "राब कशानं भाजायचा? तुमच्या कागदानं?"

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा ताई, आराखड्यात राब हा शब्दच नको. राब लिहिलात तर वरून परत येईल."

"आणि नाही लिहिला तर वाडीतून परत येईल," मी म्हटलं.

ते हसले. माणूस वाईट नव्हता. दोन्हीकडून मार खाण्याची त्यांना सवय होती. शेवटी आम्ही 'फांद्या व पालापाचोळ्याचा नियंत्रित वापर' असं लिहिलं. वरच्यांनी त्यातून त्यांचं वाचलं, आम्ही आमचं.

खरा प्रश्न शब्दाचा नव्हता, झऱ्याच्या माथ्याचा होता. बाकीचा उतार दोन भागांत पाळीपाळीने उघडायचा यावर कुरकुरत का होईना, सगळे आले. एका साली एका भागात कवळं, दुसऱ्या साली दुसऱ्या भागात, आणि झाडाचा शेंडा कधीच तोडायचा नाही. हिरड्याला कोयता तसाही कुणी लावत नव्हतं. देवराईचा विषय निघाला तेव्हा एक म्हातारे म्हणाले, "ते लिवू नगा. तितं कोन हात लावतंय?" मी तरीही लिहिलं, त्यांच्या नातवंडांसाठी. पण माथ्यावरची झाडं दरसाल तोडून नुसते खांब उरले होते. खाली माती उघडी पडली होती आणि पावसाचं पाणी थांबत नव्हतं. झरा टिकवायचा तर तो तुकडा दहाही वर्षं पूर्ण बंद हवा होता. आणि तो तुकडा आमच्याच दोन घरांचा होता.

वडील आईकडे बघत होते. चुलता चुलतीकडे बघत होता. आई उठून म्हणाली, "आमची निम्मी जागा बंद. लिव गं."

"आक्का!" चुलती म्हणाली. "माझी निम्मी तुज्या निम्म्याला चिकटून हाय, ध्यानात हाय ना?"

"हाय की. म्हनून तर म्हनते, तुजीबी लिवू दे."

"पोरीसाठी जागा सोडतीस व्हय?"

"पोरगी शिकली, तिचं भागंल. मला उनाळ्यात माज्या घरात राहायचंय. झरा राहिला तरच मी राहीन."

सगळ्यांसमोर एवढं साफ ती पहिल्यांदाच बोलली. चुलतीने अंगठा दिला खरा, पण जाता जाता मला ऐकू जाईल असं म्हणाली, "एक साल बघीन. रोप कमी पडलं की माथ्यावर कोयता घालनार. मंग आराखडा इचारायचा न्हाई." आणि तिने कोयता घातला असता तर बाकीच्या घरांनी दुपारपर्यंत घातला असता, हे मला ठाऊक होतं. तिच्यामागे बायका चालायच्या.

त्या माघात चुलतीने माथ्याऐवजी आपल्या बांधावरचे ऐन तोडले. घराच्या आढ्यासाठी राखलेली झाडं होती ती. तोंडाने शिव्या आणि हाताने कोयता, दोन्ही सारख्याच वेगाने चालले होते. आईकडे बांधावरची झाडं नव्हती. उघडलेल्या भागातून तिला वाटा होता, पण तिने तोही पुरा घेतला नाही. "लोक म्हनतील, पोरीनं लिवलं आन् आईनं तोडलं," एवढंच म्हणाली. मी भांडले. तिने ऐकलं नाही. आमचा राब त्या साली अर्धाच झाला, आणि आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, रोप अपुरं पडलं.

रोपावाचून राहिलेलं भाताचं खाचर नेमकं वाटेकडचं. आजूबाजूला सगळीकडे हिरवं, आणि मध्ये आमचा चिखल केलेला मोकळा तुकडा, नुसतं मळकट पाणी. येणारी-जाणारी माणसं थांबायची.

"काय भाऊ, आराखड्यात ह्ये खाचर नव्हतं वाटतं?" एक जण वडिलांना म्हणाला. वडिलांनी बैलाकडे तोंड फिरवलं.

त्याच वेळी चुलतीच्या राबात उरलेलं रोप उभं होतं, भरपूर. आवणी संपली की ते पिवळं पडणार आणि तिथं गुरं सुटणार. दरसाल असंच व्हायचं, तिच्याकडेच नाही, प्रत्येक घरी. आमच्याकडे मीठ मागतात, विस्तव मागतात, बैल मागतात. रोप मागत नाहीत. रोप कमी पडलं म्हणजे त्या घरच्या बाईला अंदाज नाही, असा अर्थ. तो बोल लागू नये म्हणून प्रत्येकजण गरजेपेक्षा मोठा राब भाजायचा. डोंगराचा केवढातरी पाला नुसता या लाजेपायी जळत होता, आणि माझ्या नकाशावर या लाजेला रंगच नव्हता.

मी म्हटलं, "मी मागून आणते काकीकडून."

"तू नको," आई म्हणाली. "तू मागशील तर आराखड्याची बाई मागती. मी मागते तर जाऊ मागती."

डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन ती निघाली. मी मागे. चुलतीच्या अंगणात ती पागोळीखाली उभी राहिली.

"धाकटे, हायेस का?"

"हाय की. कुटं जानार?" चुलती दारात आली. त्या सभेपासून दोघी धड बोलल्या नव्हत्या.

"रोप उरलंय नव्हं तुजं?"

"उरलंय. मंग?"

"मला दे."

चुलतीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "काय म्हनलीस आक्का?"

"ऐकलंस की. का खोडदची चाळणी आनून लावू कानाला?"

चुलतीचे ओठ हलले, पण तिने हसू दाबलं. "पोरगी बी.ए. झाली आन् आई रोप मागाया लागली."

"बी.ए.नं रोप उगवत न्हाई, राबानं उगवतं. राबाला कवळं लागत्यात, ती मी तोडली न्हाईत. तू बी तोडली न्हाईस, बांध मोकळा केलास. म्या बघितलंय. आता दे, न्हाईतर न्हाई म्हन. मी हितं पावसात उभी हाय."

"आत तरी ये. चा टाकते."

"आत आल्यावर चा पाजशील आन् इषय बदलशील. आदी रोप."

मग मात्र चुलती हसली, खोडदच्या वाफ्यात हसली होती तशीच. पदर कमरेला खोचून ती आमच्या पुढे राबात उतरली. तिघींनी रोप उपटलं, मुठी बांधल्या. खाचरापाशी आल्यावर आई वाकणार तोच चुलती म्हणाली, "सर बाजूला. तुजी आवणी वाकडी असती. वाटंवरचं खाचर हाय, लोक बघत्यात." आणि खरंच, तिने लावलेल्या ओळी सरळ होत्या. आईने कबूल केलं नाही, पण पुढे दोन दिवस ती त्या ओळी बघून येत होती. वाटेवरून जाणाऱ्या एका बाईने विचारलं, "कुनाचं रोप गं?" तेव्हा आई मोठ्याने म्हणाली, "माज्या धाकट्या जावंचं. मागून आनलं." बाई पुढे जाता जाता दोनदा वळून बघत होती.

पुढच्या माघात चुलती कोयता घेऊन आमच्या दारात आली. मला वाटलं, माथ्यावरच निघाली. ती म्हणाली, "आक्का, औंदा राब एकातच घालू. माज्या जागंत. तुज्या जागंत नुसतं दगाड." दोन घरांचा मिळून एक राब केला तर कडेची जागा वाचते, कवळं कमी लागतात, आणि उरलंसुरलं रोप जिकडे कमी पडेल तिकडे जातं. अंदाज चुकला तरी बोल एकटीला लागत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. नंतर समोरचं घर त्यात आलं, मग त्यापलीकडचं. सावडीने आवणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलो होतो, आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या. राबाला तेच लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. साहेब पाहायला आले, कपाळावर हात मारून म्हणाले, "हे कुठं बसवायचं आता?" मग आराखड्यात एक ओळ वाढली, 'सामाईक रोपवाटिका'. त्या शब्दाला चुलती अजून हसते.

सगळं गोड झालं असं नाही. चराईवरून भांडणं होत राहिली. पाळीचा भाग सोडून दुसऱ्या भागात कोयता घातला म्हणून एका घराशी वर्षभर बोलाचाली बंद होती. खालच्या गावची गुरं माथ्यात शिरायची, मग चुलती गोफण घेऊन बसायची. बदली होऊन आलेल्या नव्या साहेबांना राबाचा अर्थ पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागला. तोपर्यंत मला आश्रमशाळेत नोकरी लागली होती. सुट्टीत घरी आले की कागद घेऊन बसायचे, आणि सभेत पुन्हा कवळं, गुरं, हिरडा, पाणी. दहा वर्षांचा आराखडा म्हणजे तेच भांडण दहा वर्षं न तोडता चालवणं, असं मला आता वाटतं.

झऱ्याने पहिली दोन वर्षं काहीच दाखवलं नाही. माथ्यावरच्या खांबांना फुटवे आले, खाली कारवी दाटली, पाचोळा साचू लागला, पण चैत्रात झरा आटला आणि आम्ही खोडदला गेलो. मग एका साली तो चैत्र संपेपर्यंत करंगळीएवढा चालला. त्याच्या पुढच्या साली वैशाख लागला तरी हंडा भरत होता. वेळ लागायचा, पण भरत होता. बाया तिथं बसून हिरड्याच्या गप्पा मारायच्या. खोडदच्या मालकिणीचा निरोप आला, "यंदा कधी येताय?" आईने निरोप्याला चहा दिला आणि म्हणाली, "त्यांना सांगा पावनं, लई बरं केलंत आमचं. औंदा मला हिरडा येचायचाय."

ती कारवीची काडी वळचणीला खोचलेली होती. मी विचारलं, काढू का? म्हणाली, "राहू दे. दात कोराया हुईल."

आराखड्याची दहा वर्षं पुरी झाली तेव्हा आम्ही पुढची दहा लिहिली. या वेळी लिहायला माझ्याबरोबर वाडीतल्या आणखी दोन शिकलेल्या मुली होत्या. माथा अजून बंद आहे, राब अजून भाजला जातो, आणि कवळांसाठी वाडीत कुणाचा कोयता जमा होत नाही. झरा मिरगापर्यंत चालतो. आई पुन्हा कांदा काढायला गेली नाही. ती उन्हाळ्यात तिच्या घरी असते.